दोन सीटची गाडी

नागपुरात धंतोलीतल्या डॉक्टरांकडून बाहेर पडल्यावर भाऊ पहिलं जे बोलला, ते आजाराबद्दल नव्हतं. रसवंतीपाशी तो थांबला, तपासण्यांची फाईल माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "मले गाडी घ्याची आहे."

मी म्हटलं, "आहे ना आपल्याजवळ गाडी."

"ते गाडी नाही वं, डबा आहे."

मग त्याने रस मागवला, आणि ग्लास उजव्या हाताने धरून तो अर्धाच प्यायला. मला त्याच्याकडे पाहवत नव्हतं म्हणून मी रस्त्याकडे पाहत उभी राहिले. डॉक्टरांनी नुकतंच सगळं सांगितलं होतं. मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत नेणाऱ्या नसा एकेक करून वाळत जातात. आधी हात, मग पाय, मग जीभ, गिळणं, आणि शेवटी श्वास. औषध आहे, पण ते थांबवत नाही, थोडं रेंगाळवतं. "बुद्धी मात्र शेवटपर्यंत शाबूत राहील," असं डॉक्टर म्हणाले, जणू ही चांगली बातमी होती.

भाऊ माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. वीज केंद्रात इंजिनीअर. लग्न त्याने केलं नाही. माझं मोडलं, आणि मी परत आले. वडील गेल्यानंतर आई, तो आणि मी असे तिघं जरीपटक्याच्या मागे, वडिलांनीच बांधलेल्या घरात राहत होतो. वडील एसटीचे ड्रायव्हर होते, पण त्यांच्या हयातीत आमच्या दारात गाडी उभी राहिली नाही. गाड्यांचं वेड भावाला कॉलेजपासूनचं. घरात मासिकांचे गठ्ठे, नंतर फोनवर रात्रंदिवस व्हिडिओ. पण घेतली ती राखाडी रंगाची, आईला दवाखान्यात न्यायला बरी पडेल अशी छोटी गाडी. तीही जास्त करून मीच चालवायचे. तो त्याची जुनी गिअरची स्कूटर घेऊन कामावर जायचा.

त्या स्कूटरमुळेच तर कळलं. क्लच दाबला जाईना म्हणून त्याने केबल बदलली, मग लिव्हर बदलला. एका रविवारी त्याने मला अंगणात बोलावलं आणि म्हणाला, "दाब." मी दाबला. सहज दाबला गेला. भावाने स्कूटर स्टँडवर चढवली आणि डाव्या हाताचा तळवा उलटसुलट करून बराच वेळ पाहत राहिला. अंगठ्याच्या मुळाशी खड्डा पडला होता. आम्हा दोघांच्याही तो आजवर लक्षात आला नव्हता.

गाडीचं त्याने दवाखान्यात जायच्या आधीच ठरवलं असावं, कारण दुसऱ्याच दिवशी दोन गाड्यांची माहिती त्याच्या तोंडपाठ होती. एक नवी हॅचबॅक. दिसायला चार माणसांच्या घरातली साधी, पाच दारांची छोटी गाडी, पण बॉनेटखाली असं इंजिन की मोठ्या गाड्या मागे पडाव्यात. गिअर आपोआप बदलणारे, म्हणजे डाव्या हाताला काम नाही. सीट उंच. दुसरी होती जुनी, जपानी बनावटीची, दोन सीटची स्पोर्ट्‌स कार. लकडगंजातल्या एका लाकूड व्यापाऱ्याकडे ती पडून होती. तिला क्लच होता आणि हाताने टाकायचे गिअर. आणि आपल्याकडे गिअरचा दांडा डाव्या हाताला असतो.

मला यात निवडण्यासारखं काही दिसत नव्हतं. "हॅचबॅक," मी म्हटलं.

आम्ही आधी तिथेच गेलो. शोरूममध्ये एसी जोरात होता. भाऊ हॅचबॅकमध्ये आरामात बसला, आरामात उतरला. विक्रेत्या मुलीने सगळं हसून सांगितलं आणि शेवटी म्हणाली की ही मोजक्याच संख्येने बाहेरून येते, आज नाव नोंदवलं तर दिवाळीनंतर मिळेल. तेव्हा होळी जेमतेम झाली होती. भावाने मान हलवली, आपला नंबर दिला आणि विचार करून कळवतो म्हणाला. परतताना गाडीत तो खिडकीबाहेर बघत होता. मी बडबडत होते. दिवाळी काय, बघता बघता येते, असं काहीतरी. मग मलाच माझं बोलणं ऐकू आलं आणि मी थांबले.

लकडगंजला आम्ही पुढच्या शनिवारी गेलो. लाकूड कापायच्या आरामशीनच्या मागच्या शेडमध्ये, सागवानाच्या ओंडक्यांच्या पलीकडे ती कापडाखाली उभी होती. कापडावर भुशाचा थर. व्यापारी साठीचा, जाड भिंगांचा चष्मा लावणारा माणूस. त्याच्या मुलाने हौसेने घेतलेली ही गाडी, आणि मुलगा परदेशी गेला तो गेलाच. व्यापाऱ्याने कापड ओढलं. खाली गडद निळा रंग होता. मला गाड्यांतलं काही कळत नाही, तरी ती सुंदर होती हे मला कळलं, आणि त्याचा मला रागच आला.

आत बसताना भावाने अंग सोडून दिलं आणि तो सीटमध्ये पडला. सीट जमिनीपासून वीतभर वर. मी बाजूला बसले. लकडगंजाच्या गल्ल्यांतून हातगाड्या चुकवत त्याने गाडी बाहेर काढली, रिंग रोडला लावली. पुढे ढकलायचे गिअर तो तळव्याने ढकलत होता. मागे ओढायचे त्याला ओढता येत नव्हते, कारण दांड्याभोवती मूठच वळत नव्हती. मनगट अडकवून तो ओढायला बघे, आणि आतून दात घासल्यासारखा आवाज येई. दोन-तीनदा असं झाल्यावर मी माझा उजवा हात दांड्यावर ठेवला.

"काढ," तो म्हणाला.

मी काढला. पुढच्या सिग्नलला पुन्हा तोच आवाज. मागच्या ट्रकने हॉर्न लावला. भावाच्या कानशिलावरून घाम वाहत होता.

"ठेव," तो म्हणाला. समोर बघत. "मी दोन म्हटलं का मांग ओढजो."

मी ओढला. गाडी पुढे झेपावली. "तीन." मी ढकलला. "चार." त्यानंतर रस्ता मोकळा मिळाला. इंजिनाचा आवाज पाठीच्या कण्यातून वर चढत होता. मी भावाकडे पाहिलं तर तो हसत नव्हता. फार दिवसांनी माणूस घरी येऊन सगळ्या खोल्या बघतो, तसा त्याचा चेहरा झाला होता.

शेडमध्ये परत आलो आणि त्याला उतरता येईना. अशा गाडीतून निघायला दोन्ही हातांवर जोर देऊन अंग वर उचलावं लागतं. त्याने जोर दिला, डावा हात दुमडला आणि तो परत सीटमध्ये कोसळला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. आरामशीन थांबली होती. कामगार बघत होते. मी एका बाजूने आणि व्यापाऱ्याने दुसऱ्या बाजूने काखेत हात घालून त्याला बाहेर काढलं. व्यापारी भला माणूस. तो मोठ्याने हसला आणि म्हणाला, "अहो साहेब, मलापण दोघं लागतात या गाडीतून निघायला." भाऊही हसला. पण व्यापाऱ्याचा खांदा त्याने सोडला नाही.

घरी आईला आम्ही एवढंच सांगितलं होतं की नसांचा काही त्रास आहे, औषध सुरू केलं आहे. जेवताना भावाने फोनवर तिला निळ्या गाडीचा फोटो दाखवला. आईने चष्मा लावून नीट पाहिला.

"अन् मी कुठं बसू?" तिने विचारलं.

"तू मागून ऑटोनं ये."

ती हसली नाही. "चार माणसाची घे ना बाबू. ते दुसरी सांगून राहिली होती ना ही. मी मांगं बसत जाईन."

"ते दिवाळीनंतर येईन, माय."

"मंग येऊ दे दिवाळीनंतर. काय घाई आहे?"

भावाने ताट थोडं बाजूला सरकवलं. "तवापर्यंत माहे हात राहणार नाही. पायाचंही सांगता येत नाही." तो हे त्याच्या कामावरच्या आवाजात बोलला, एखाद्या यंत्राबद्दल सांगावं तसं. "ते दुसरी गाडी शहाणी आहे. मलेही आवडली. पण ज्या माणसासाठी घ्याची, तो दिवाळीले खुर्चीत असन. मंग चालवणार कोण? आता चालवता येते ते हेच."

आई त्याच्याकडे पाहत राहिली, मग माझ्याकडे. मी मान खाली घातली आणि तेवढ्यावरून तिला सगळं कळलं. तिने रडारड केली नाही. भावाच्या ताटातली पोळी तिने उचलली आणि तिचे लहान लहान तुकडे करून परत ठेवले. त्या दिवसापासून तिने त्याला अख्खी पोळी कधी वाढली नाही.

त्या रात्री मी त्याच्याशी भांडले. मला चीड आली होती. त्याची, आजाराची, त्या निळ्या रंगाची. मी म्हटलं की अशी गाडी घेऊन दोन-तीन महिन्यांत ती दारात धूळ खात पडेल, मग तिच्याकडे बघायचं आम्हीच. तो म्हणाला, "हो." एवढंच.

गाडी घरी आली. चैत्र संपत आला होता आणि नागपूरचं ऊन सकाळी आठलाच चटका देऊ लागलं होतं, म्हणून आम्ही उजाडता उजाडता निघायचो. कामठी रोडने मेट्रोच्या खांबांमधून, छावणीची झाडी ओलांडून कन्हानच्या पुलावर, आणि पुढे मनसरकडे रस्ता मोकळा होई तिथपर्यंत. स्टिअरिंग त्याच्या उजव्या हातात, पायांखालचं सगळं त्याचं. गिअर माझा. कायद्यात हे बसतं का, हे आम्ही कोणाला विचारलं नाही. सुरुवातीला तो आकडा बोलायचा. नंतर नुसती हनुवटी उचलायचा. पुढे पुढे तर इंजिनाच्या आवाजावरून आणि त्याच्या डाव्या गुडघ्याच्या हालचालीवरून मला कळायला लागलं. माझं चुकलं की तो चिडायचा. "काहून झोपून राहिली?" मीही ओरडायचे. लहानपणी एका सायकलवरून भांडायचो, तसे आम्ही त्या गाडीत भांडत होतो.

स्पीडब्रेकरवर गाडीचं पोट घासायचं. आम्ही तिरपे चढायचो, तिरपे उतरायचो. टपरीवर थांबलो की पोरं फोटो काढायला जमायची, आणि भाऊ काच खाली करून त्यांच्याशी बोलायचा, म्हणजे उतरावं लागू नये. चहा मी आणून द्यायचे. कप त्याच्या उजव्या हातात ठेवताना आधी चहा अर्धा करायचे. एप्रिल संपेस्तोवर कप मीच त्याच्या तोंडाला लावू लागले. गाडीत बसल्या बसल्या ते बाहेरून फारसं दिसत नसे.

एका पौर्णिमेला आई पांढरं पातळ नेसून दाराशी आली आणि म्हणाली, "मले विहारात सोडून दे बाबू." मी पुढे झाले तर तिने मला थांबवलं. "तू नको. जागा कुठं आहे?" गिअर टाकायला कोणी नव्हतं. भावाने मला गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकायला सांगितलं आणि मग मी उतरले. त्याच गिअरमध्ये क्लच सांभाळत तो तिला विहारापर्यंत घेऊन गेला, आणि वंदना झाल्यावर तसाच तिला घेऊन परत आला. गाडी जळका वास मारत होती. मी आईला हात देऊन बाहेर काढलं. "भुईवर बसून चालल्यासारखं लागते," ती म्हणाली. मग स्वयंपाकघरात गेल्यावर मला हळूच म्हणाली, "त्याचा डावा पाय थरथर कापून राहिला होता. पाह्यलं तू?"

मी पाहिलं होतं. भावानेही पाहिलं असणारच. तरी दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता आम्ही पुन्हा निघालो.

कामठीत ते झालं. परतीचा रस्ता, ऑफिसची गर्दी सुरू झालेली. समोरचा शेअर ऑटो माणूस घ्यायला अचानक थांबला. भावाने ब्रेक दाबला, क्लच दाबला, मी गिअर खाली आणत होते, आणि त्याचा डावा पाय क्लचवरून घसरला. गाडीने उसळी मारली. ऑटोच्या मागच्या बाकावर आमच्याकडे तोंड करून एक बाई बसली होती, मांडीवर लहान मूल. तिचे डोळे मोठे होत गेलेले मला दिसले. मी हँडब्रेक ओढला. तरी गाडी ऑटोला लागलीच. ठोकर मोठी नव्हती. बाईच्या हातातला डबा रस्त्यावर पडला आणि भात सांडला. मूल रडायला लागलं.

ऑटोवाला उतरून ओरडत आला. "दिसून नाही राहिलं का बे? मोठी गाडी असली म्हणून काय लोकायले मारशीन? उतर खाली!"

भाऊ म्हणाला, "उतरता येत नाही मले."

ऑटोवाल्याने आत वाकून पाहिलं. मांडीवर पडलेला तो बारीक झालेला हात पाहिला, पायाकडे पाहिलं. तो गप्प झाला. शिव्या चालल्या असत्या, ते गप्प होणं मला सहन झालं नाही. त्यानेच मग आणखी एकाला हाक मारली, दोघांनी भावाला उचलून बाहेर काढलं, आणि भर रस्त्यात, सगळ्या कामठीसमोर, गाडीला वळसा घालून माझ्या जागेवर नेऊन बसवलं. मी त्या बाईची माफी मागितली. ती म्हणाली, "जाऊ द्या ताई." ती भावाकडे बघत नव्हती.

घरापर्यंत मी गाडी चालवली. भाऊ डाव्या बाजूला बसून काचेतून बाहेर पाहत होता. गल्लीत वळल्यावर म्हणाला, "ते लेकरू माह्या गाडीखाली आलं असतं." आणि थोड्या वेळाने, "बस झालं." त्यानंतर तो त्या गाडीत कधी बसला नाही. मी म्हटलं, मी चालवते, तू बाजूला बस. त्याने नुसती मान हलवली.

उन्हाळा सरला. चाकाची खुर्ची आली, मग पलंगाला कठडे आले. शब्द घशातच अडखळू लागले. एक दिवस त्याच्या फोनवर शोरूममधून त्या मुलीचा फोन आला. कोणीतरी नोंदणी रद्द केली होती, हॅचबॅक लगेच मिळू शकत होती. मी फोन स्पीकरवर ठेवला होता. ती गाडीचा रंग, पुढच्या आठवड्यातली तारीख वगैरे उत्साहाने सांगत होती. भाऊ शेवटपर्यंत ऐकत राहिला. मग त्याने माझ्याकडे पाहून डोळे मिटले, म्हणजे नाही सांग. मी सांगितलं. फोन ठेवल्यावर मला विचारायचं होतं की थांबलो असतो तर बरं झालं असतं का. पण तेव्हा तीही त्याला चालवता आली नसती. प्रश्नच उरला नव्हता.

निळी गाडी विकायचं त्यानेच ठरवलं. माझ्यासमोर विका, असं त्याचं म्हणणं. भंडाऱ्याहून एक तरुण राईस मिलवाला आला. त्याला गाडी एका नजरेत आवडली. भावाची खुर्ची आम्ही ओट्यावर आणली होती. त्याला त्या माणसाला गाडीबद्दल सगळं सांगायचं होतं. तो बोलायचा, आणि तो माणूस माझ्याकडे बघायचा.

"काय म्हणतात भाऊ?"

"ते म्हणतात, इंजिन थंड असताना दुसरा गिअर जोरानं टाकू नका."

"बरं. अन् आता काय म्हणाले?"

"स्पीडब्रेकर तिरपा घ्या."

मग भाऊ आणखी काही म्हणाला, आणि ते मला कळलं नाही. मी वाकले. त्याने पुन्हा म्हटलं. तोंडातून लाळ आली, ती मी पुसली. तिसऱ्यांदा म्हणताना त्याच्या मानेच्या शिरा ताणल्या गेल्या. त्याचं बोलणं घरात मला सगळ्यात जास्त कळायचं, आणि मला कळलं नाही. "भाऊ, मले नाही समजलं," मी म्हटलं. त्याने माझ्याकडे फार वेळ पाहिलं आणि मग नजर गाडीकडे वळवली. नजरेने अक्षरं दाखवायला केलेला तक्ता आत होता, मी आणायला निघाले, तर त्याने मान हलवली. नको. ते काय होतं, मला आजही माहीत नाही. गाडीबद्दलच असेल असंही नाही.

गाडी गेली. चौकातून वळताना तिचा आवाज आला, मग पलीकडच्या रस्त्यावरून थोडा वेळ, मग नाही. आई ओट्यावर उभी होती. तिने खुर्ची आत फिरवली.

भाऊ थंडीत गेला. श्वास कमी कमी होत जाण्याचं मी इथे लिहिणार नाही. ते कोणाच्याही घरचं सारखंच असतं, आणि ज्यांनी पाहिलं त्यांना सांगावं लागत नाही.

तो गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला त्याच्या कामावरचे लोक आले. वंदना झाली, भोजनदान झालं. जाता जाता त्यातले एक वयस्कर साहेब आईजवळ बसले आणि सहानुभूतीने म्हणाले, "इतका हिशेबी माणूस होता. शेवटी त्या गाडीचं काय डोक्यात घेतलं कोण जाणे. आजारपणात माणसाचं भान राहत नाही."

आई म्हणाली, "भान होतं त्याले." साहेब पुढे काही बोलणार होते, पण ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि, जेवायचे कोण राहिले आहेत ते बघायला, मंडपाकडे निघून गेली.